पहिल्या चौकोनातली खूण

लंडनजवळच्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, गोदामांच्या मागच्या रांगेत, आमचं वर्कशॉप होतं. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या आणून त्यांच्या बूटमध्ये, म्हणजे डिकीत, आम्ही आणखी एक मोठी बॅटरी बसवायचो आणि मागच्या बंपरपाशी एक प्लग काढून द्यायचो. गाडी घरच्या सॉकेटला लावायची, बॅटरी भरली की जवळपासचं रोजचं जाणं-येणं जवळजवळ पेट्रोलशिवाय करायचं. आज हे ऐकून कोणाला नवल वाटणार नाही. दोन हजार सात साली मात्र लोक गाडीच्या शेपटीला लोंबणारी वायर बघून आधी हसायचे आणि मग वाकून बघायचे.

'आम्ही' म्हणते खरं, पण मी तिथे ऑफिस असिस्टंट होते. फोन घ्यायचे, बिलं फाइलला लावायचे. नवरा ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत वर्क परमिटवर होता आणि मी त्याची 'डिपेंडंट'. व्हिसावरचा हा शब्द दोन वर्षं घरात बसून मी इतक्यांदा वाचला होता की त्याचा मला मनापासून राग यायचा. पुण्यात मी ज्युनिअर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते, पोरं मला घाबरायची. इथे मला घाबरणारं कोणी नव्हतं, विचारणारंही नव्हतं. म्हणून ही नोकरी मिळाली तेव्हा मी हरखून गेले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या हरखण्याचा मोठा वाटा आहे.

वर्कशॉपचा मालक बर्मिंगहॅमकडचा इंग्रज. आयुष्यभर एका मोठ्या मोटार कारखान्यात इंजिनिअर होता, तो बंद पडल्यावर त्याने हे काढलं. माणूस भला, पण आशेवर जगणारा. पैसे घालू शकणाऱ्या लोकांना त्याला दाखवायचं होतं की सामान्य माणसाला अशा गाडीत रस आहे. मी संख्याशास्त्राची आहे हे कळल्यावर त्याने टाळी वाजवली आणि सर्व्हेचं काम माझ्या गळ्यात घातलं. मला पंख फुटले.

फॉर्म मीच बनवला. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा: अशी गाडी घेण्यात तुम्हाला किती रस आहे? पुढे पाच चौकोन, 'व्हेरी इंटरेस्टेड'पासून 'नॉट ॲट ऑल'पर्यंत. क्लिपबोर्ड घेऊन मी दारोदार हिंडायला लागले. इंग्रज माणसं दार अर्धं उघडून उभ्या उभ्या उत्तरं द्यायची. पेट्रोल लिटरला पाउंडाच्या वर गेलेलं, त्यामुळे ऐकून सगळेच घ्यायचे. एकाने विचारलं, पावसात शॉक बसेल का. एका बाईने विचारलं, फुटपाथवर वायर टाकली आणि कोणी अडखळून पडलं तर कोर्टात मला ओढणार का. एक आजोबा बराच वेळ फक्त गॅलनला किती मैल एवढंच विचारत राहिले. बहुतेकांची खूण मधल्या नाहीतर चौथ्या चौकोनात पडायची.

मग मी आपल्या लोकांच्या गल्ल्यांत शिरले आणि चित्रच बदललं. दारात कोणी उभं ठेवीना. आत या, बसा, चहा घ्या. पंजाबी घरांत तर बशीत काही ना काही आल्याशिवाय पहिला प्रश्नही विचारता यायचा नाही. शेवटच्या प्रश्नाला सगळे एकमुखाने व्हेरी इंटरेस्टेड. हे का होतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वर्गात मी याच्यावर एक अख्खा तास घ्यायचे: विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर हे उत्तर नसतं, ते बाजूला काढा. पोरांना शिकवलं आणि स्वतः मात्र पहिल्या चौकोनात एकेक खूण करत गेले. संध्याकाळी आकडे बघून मालक खूश व्हायचा. ते बघून मीही खूश व्हायचे.

अशाच एका दुपारी मी काकांकडे गेले. काका म्हणजे आमच्या मराठी मंडळातले सगळ्यात जुने गृहस्थ. साताऱ्याकडून ऐन विशीत आलेले, इथल्याच एका कारखान्यात मशीनवर उभं राहून रिटायर झालेले. गणपतीची वर्गणी वर्षानुवर्षं त्यांनीच गोळा केली. त्यांचा एक दंडक होता. यादीत नाव लिहिलं म्हणजे दिलं. मग घरात काही होवो, नाव खोडायचं नाही. कोणी पावतीपुस्तक घेऊन दारात आलं तर त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा त्याच्या पुढचा भाग.

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा काका त्यांना अर्ध्या तासावरच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यायचे, आपल्या जुन्या निळ्या गाडीतून. ती गाडी खूप आवाज करायची पण कधी अडली नव्हती. मी गेले तेव्हा त्या थकलेल्या होत्या, तरी उठून त्यांनी मला हळदीकुंकू लावलं आणि काकांना चकल्यांचा डबा काढायला लावला.

मी नियमाप्रमाणे सगळे प्रश्न इंग्रजीत वाचले. शेवटच्या प्रश्नावर काका म्हणाले, "व्हेरी इंटरेस्टेड."

"काका, हा नुसता सर्व्हे आहे हं. नाही म्हणालात तरी चालतं."

"नाही कशाला म्हणू? तुझ्या जॉबचं आहे ना हे?"

"हो, पण तुम्हाला खरंच इंटरेस्ट आहे का?"

"अगं पोरी, तू कागद घेऊन माझ्या घरी आलीस. लिही माझं नाव. फर्स्ट बॉक्स."

ते फॉर्मकडे वर्गणीच्या यादीसारखं बघत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी खूण केली आणि दुसरी चकली घेतली.

मालकाने सगळ्या उत्तरांचा एक रंगीत गोल काढून भिंतीवर लावला. त्यातला हिरवा भाग म्हणजे व्हेरी इंटरेस्टेड. हिरवा भाग मोठा होता. तो कसा मोठा झाला हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि मी मूग गिळून गप्प बसले.

वसंतात मालक म्हणाला, आता या हिरव्या लोकांना फोन कर. चार-पाच जणांनी खरोखर गाड्या करून घेतल्या तर पैसेवाले पुढे येतील. मी फोन लावत गेले. कोणाच्या मुलीचं लग्न निघालं, कोणाची गाडी नुकतीच एमओटी, म्हणजे वर्षाची सक्तीची तपासणी, पास झाली, कोणी पुढच्या वर्षी नक्की म्हणालं. तीन दिवस फोन करून हाती दोन गिऱ्हाइकं लागली, दोघं इंग्रज. मालकाचा चेहरा उतरत चालला. चौथ्या दिवशी मी काकांना फोन केला.

"हो हो, मी नाव दिलंय ना," ते म्हणाले. "काय प्रोसिजर आहे ते सांग."

तेच पुढे म्हणाले, "तशी आमची गाडी अजून चालतेय. पण तू सांग. घेऊ ना?"

त्या क्षणी मला काय सांगायला हवं होतं ते मला चांगलं माहीत होतं. काका, राहू द्या, नव्या प्रयोगातली गाडी आहे, तुम्हाला आठवड्यातून तीनदा वेळेवर पोचावं लागतं. इतकंच बोलायचं होतं. काचेपलीकडून मालक माझ्याकडे बघत होता.

"छान गाडी आहे काका," मी म्हणाले. "तुमचं पेट्रोल वाचेल."

त्यांनी जुनी गाडी विकली आणि साठवलेले पैसे काढून एक सेकंड-हँड हायब्रिड घेतली. आम्ही तिच्यात बॅटरी बसवून दिली. गाडी घरी पोचवायला मीही गेले. काकूंनी चारी चाकांखाली लिंबं ठेवायला सांगितली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि मागच्या प्लगलाही हळदीकुंकू वाहिलं. नारळ फुटला. किडन्यांमुळे खोबरं काकूंना वर्ज्य, त्यांनी सगळ्यांना वाटलं आणि हात पुसून टाकला. मग काकूंना हॉस्पिटलात लागणारी घडीची व्हीलचेअर बूटमध्ये ठेवायला काकांनी झाकण उघडलं. आत आमची बॅटरी. खुर्ची मावेना.

असा प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये नव्हता. काकांनी एकदा उभी, एकदा आडवी अशी खुर्ची लावून बघितली, मग ती मागच्या सीटवर घातली आणि म्हणाले, "झालं की. मागे बसतंय कोण?"

उन्हाळाभर गाडी चालली. दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून काळी वायर बाहेर यायची, अंगणातल्या फरशीवरून गाडीपर्यंत जायची आणि कोणी अडखळू नये म्हणून काकूंनी तिच्यावर जुनं पायपुसणं घातलं होतं. शेजारचे इंग्रज थांबून विचारायचे, काका बंपरवरचं झाकण उघडून दाखवायचे. पेट्रोल अजून वर चढत होतं. आमच्या फोनला उसंत नव्हती. वर्तमानपत्रं अशा गाड्यांवर लिहीत होती. सगळ्यांना माहिती हवी होती, गाडी कोणालाच नको होती.

मग शरद ऋतू आला, बँका कोसळल्या आणि पेट्रोलचा भावही खाली आला. फोन थांबले. कोणी रागावलं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. सगळे नुसते थांबले. पैसे घालणारे जे दोघं-तिघं होते ते मालकाचा फोन घेईनासे झाले.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सकाळी, सगळीकडे पांढरं दव गोठलेलं असताना, काकांची गाडी मोठ्या रस्त्यावर मध्येच बंद पडली. पेट्रोल होतं, बॅटरी भरलेली होती, पण आमच्या यंत्रणेने थंडीत काहीतरी चुकीचं ओळखलं आणि सगळी गाडीच झोपवली. बाजूने लॉऱ्या जात होत्या. काकूंना शाल गुंडाळून काका तासभर कडेला बसून राहिले. त्या दिवसाचं डायलिसिस चुकलं आणि दुसऱ्या दिवशी कसंबसं झालं. गाडी ओढून आमच्या वर्कशॉपमध्ये आणली. मालकाने आत डोकं घालून बघितलं आणि मला म्हणाला, दोन आठवडे. मी काकांना सांगितलं, दोन आठवडे.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा दोन आठवडे म्हणाले. एक भाग जर्मनीहून यायचा होता, आणि त्याचे पैसे भरलेलेच नव्हते. हे मला माहीत होतं, कारण बिलं मीच फाइलला लावत होते. तरीही मी दोन आठवडे म्हणाले. डिसेंबरात एका सोमवारी कामावर गेले तर शटरला नवं कुलूप आणि त्यावर वसुलीवाल्यांची नोटीस. काकांची गाडी आत. ती त्यांची आहे हे सिद्ध करून सोडवायला महिना गेला. सोडवली तर ज्या कंपनीची मूळ गाडी, तिच्या गॅरेजने हात वर केले. आत दुसऱ्या कोणीतरी हात घातलाय, आम्ही लावणार नाही. गाडी काकांच्या घरापुढे नुसती उभी राहिली. बॉनेटवर कुंकवाचा तांबूस डाग अजून होता.

मला गाडी चालवता येत नव्हती. नवऱ्याची गाडी दिवसभर ब्रॅकनेलला. काकू नोव्हेंबरपासूनच हॉस्पिटलच्या व्हॅनने जात होत्या. व्हॅन वाटेतल्या पेशंटना गोळा करत जायची, येताना त्यांना कॉरिडॉरमध्ये दोन-दोन तास बसावं लागायचं. ज्या दिवशी व्हॅन चुकायची त्या दिवशी दोन बसेस. त्यांची मुलगी बर्मिंगहॅमला बँकेत होती, इथेच जन्मलेली. तिने वडिलांना फोनवर शंभरदा सांगितलं, मी दुसरी गाडी घेऊन देते. काका म्हणत राहिले, थांब, आपली गाडी होतेय, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. माझेच शब्द.

फेब्रुवारीत बर्फ पडला. रविवारी संध्याकाळी सुरू झाला आणि सोमवारी सकाळी दार उघडेना इतका साचला. बसेस बंद. व्हॅन आली नाही. काकांनी टॅक्सीवाल्यांना फोन केले, एकही यायला तयार नव्हता. शुक्रवारनंतर डायलिसिस झालं नव्हतं. मंगळवारी पहाटे काकूंना श्वास लागला. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं. बुधवारी त्या गेल्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं. नवरा म्हणाला, त्या बर्फात कुठलीच गाडी निघाली नसती, तू स्वतःला दोष देऊ नकोस. असेलही. जुनी निळी गाडी निघाली असती का, मला माहीत नाही. पण त्याआधीचे अडीच महिने काकू बसस्टॉपवर आणि कॉरिडॉरमध्ये झिजत होत्या, ते मला माहीत आहे. तो हिशेब कोणी मला शिकवायला नको.

क्रिमेटोरियमच्या बाहेर मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचं मराठी मोडकं, तरी ती मुद्दाम मराठीतच बोलली.

"तुम्ही त्या ऑफिसमध्ये होता ना? तुम्हाला माहीत होता की कंपनी बंद होणार?"

"अंदाज होता," मी म्हणाले.

"मग बाबाला का नाही सांगितला? ही वॉज वेटिंग फॉर युअर कॉल. एव्हरी डे."

ती वळून वडिलांकडे निघून गेली.

मार्चमध्ये जुन्या मालकाचा फोन आला. बर्मिंगहॅमच्या एका कंपनीला त्याचं डिझाइन विकत घ्यायचं होतं. त्यांना जुन्या गिऱ्हाइकांची मतं हवी होती, तेवढे फॉर्म भरून दिलेस तर तिकडे तुझ्यासाठी शब्द टाकतो, म्हणाला. मी त्याला सांगितलं की काकांकडे मी जाणार नाही. तो म्हणाला, समजू शकतो. तरीही त्याने फॉर्म पाठवले. आणि तरीही काकांकडे जायला निघताना मी त्यातला एक पर्समध्ये घातला. मी नुसती भेटायला जातेय, असं वाटेत स्वतःला बजावत होते.

काकांनी चहा केला. चकल्या नव्हत्या, दुकानातली बिस्किटं होती. खिडकीपाशी खुर्ची तशीच. बाहेर गाडी तशीच. दाराच्या फटीपाशी वायरचं भेंडोळं गुंडाळून ठेवलेलं, त्यावर ते पायपुसणं नीट घडी घालून. मी रुमाल काढायला पर्स उघडली आणि फॉर्मचा कोपरा वर आला.

"काय आहे ते?"

"काही नाही काका. राहू दे."

"ऑफिसचं काम आहे?"

"ऑफिस बंद झालं."

"मग नवा जॉब असेल. काढ. वाच."

"काका, नको. प्लीज."

"अगं, कागद घेऊन आलीस आणि तसाच परत नेणार का? वाच म्हणतो ना."

मी वाचलं. नियमाप्रमाणे, इंग्रजीत. गाडी वापरायला सोपी होती का? हो. कंपनीकडून वेळेवर माहिती मिळाली का? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, हो. माझ्या खुणा चौकोनाबाहेर जात होत्या. गाडीतली कोणती गोष्ट सगळ्यात जास्त आवडली, या प्रश्नापुढे तीन रिकाम्या ओळी होत्या.

"आवाज नव्हता," ते म्हणाले. "डायलिसिसनंतर तिचं डोकं फार दुखायचं. जुन्या गाडीत घरी येईपर्यंत कण्हायची. या गाडीत तिला झोप लागायची. मी मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचो."

हे मला ठाऊक नव्हतं. मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, बिस्किटांची बशी थोडी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "शेवटचा राहिला ना? वाच."

अशी गाडी पुन्हा घेण्यात तुम्हाला किती रस आहे? पुढे तेच पाच चौकोन. माझ्याच जुन्या फॉर्मवरून मालकाने उचललेले.

काकांनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मला नाही म्हणेल. मनात मी अक्षरशः हात जोडले होते. एकदा नाही म्हणा.

"लिही," ते म्हणाले. "फर्स्ट बॉक्स."

मी खूण केली. घरी येऊन फॉर्म पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि बर्मिंगहॅमला पाठवून दिला.